साथीच्या रोगाच्या काळात नवरात्र-दिवाळीचा सार्वजनिक कार्यक्रम : कोल्हापुरात परवानगीचा अर्ज कसा करावा

घटस्थापना ते दिवाळी पाडवा या दिवसांत कोल्हापुरातल्या पेठा, तालमी, कॉलन्या सगळ्या गजबजलेल्या असतात. देवीची प्रतिष्ठापना, जागर, कोजागरीचं दूध, दिवाळी पहाट एकामागून एक येतात. एरवी परवानगीत रस्ता आणि आवाज हेच दोन मुद्दे महत्त्वाचे असतात. कोविडसारख्या साथीत तसं नसतं. एका वेळी किती माणसं येणार, किती वेळ थांबणार आणि किती अंतरावर बसणार, हे अर्जात नसेल तर फाइल कितीही भरलेली असली तरी परत येते. म्हणून आधी जागा मोजा, मग कार्यक्रम ठरवा. बरीच मंडळं नेमकं उलट करतात. पत्रिका छापतात, गायकाला विसार देतात आणि मग परवानगीच्या मागे धावतात.

आदेश कोणाचा चालतो

साथीतल्या निर्बंधांचा आधार दोन कायद्यांत आहे : साथरोग अधिनियम १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५. केंद्र चौकट देतं, राज्य त्यात सणाचं परिपत्रक काढतं, आणि जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून स्थानिक परिस्थिती पाहून नियम आणखी कडक करू शकतात. वरच्याने बंद केलेलं खालचं कार्यालय सुरू करत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ३० सप्टेंबर २०२० च्या आदेशात केंद्राने १५ ऑक्टोबरपासून बंदिस्त सभागृहात निम्म्या क्षमतेने, जास्तीत जास्त २०० माणसांच्या कार्यक्रमाला वाट मोकळी केली होती. महाराष्ट्राच्या नवरात्र परिपत्रकात मात्र गरबा, दांडिया आणि मिरवणुका बंदच होत्या. मूर्तीची उंची मंडळाला जास्तीत जास्त ४ फूट, घरी २ फूट. अशा वेळी केंद्राचा कागद जोडून दांडिया मागण्यात अर्थ नसतो.

नियम हंगामाच्या मध्येही बदलतात. २०२१ मध्ये देवळं ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेलाच उघडली. नाट्यगृहं २२ ऑक्टोबरला, निम्म्या क्षमतेने. २७ नोव्हेंबरच्या आदेशाने बंदिस्त जागेत ५० टक्के आणि उघड्यावर २५ टक्के अशी मर्यादा घातली, आणि १,००० च्या वर माणसं येणार असतील तर स्थानिक आपत्ती प्राधिकरणाला कळवणं बंधनकारक केलं. म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत ज्या आदेशाच्या आधारे मागणी करताय त्याचा क्रमांक आणि तारीख लिहा. तपासणाऱ्याचं काम सोपं होतं, आणि आदेश बदलला तर अर्ज कशामुळे अडला हे तुम्हालाही कळतं.

अर्ज कोणी करायचा, सोबत काय जोडायचं

नोंदणीकृत मंडळ किंवा संस्था, सोसायटीची कार्यकारिणी, किंवा नोंदणी नसलेलं मंडळ, तिघांनाही अर्ज करता येतो. फरक वर्गणीत पडतो. नोंदणी नसताना लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. पावती पुस्तक छापायच्या आधी ती हातात असू द्या. सोसायटीने फक्त आपल्या आवारात, आपल्याच रहिवाशांपुरतं करायचं ठरवलं तर काम बरंच हलकं होतं, पण ध्वनिक्षेपक आणि माणसांची मर्यादा तिथेही सुटत नाही.

कागदपत्रं अशी : मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज, नोंदणी प्रमाणपत्र किंवा ४१ क ची परवानगी, कार्यक्रम करण्याचा सभेचा ठराव, अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांची ओळखपत्रं आणि मोबाइल नंबर, जागामालकाचं संमतीपत्र, गेल्या वर्षीच्या परवानगीची प्रत, मांडव आणि वीज कंत्राटदाराची नावं, स्वयंसेवकांची यादी, आरोग्य नियम पाळण्याचं हमीपत्र, आणि मापांसह नकाशा. लसीकरण सुरू झाल्यावर स्वयंसेवकांची प्रमाणपत्रंही यात आली. दुसरा डोस होऊन १४ दिवस झाले असतील तरच 'पूर्ण लसीकरण' धरत. काल डोस घेतलेला माणूस त्यात बसत नसे, आणि याद्या इथेच चुकत. सगळ्या प्रती स्वतः सही करून साक्षांकित करा आणि तीन संच बनवा.

नकाशा : अर्ज यावर उभा राहतो

'मैदानात अंतर ठेवून आसनव्यवस्था' असं नुसतं लिहून भागत नाही. आलेखाच्या कागदावर, हाताने काढला तरी चालेल, पण मापं खरी हवीत. एक उदाहरण करून पाहू. जागा ६० फूट बाय ४० फूट, म्हणजे २,४०० चौरस फूट. व्यासपीठ २० बाय १२, म्हणजे २४० गेले. मधली वाट, आत यायची वाट, बाहेर जायची वाट आणि हात धुण्याची जागा मिळून ५०० धरा. उरले १,६६०. दोन माणसांत सगळीकडून ६ फूट ठेवायचे तर माणशी ३६ चौरस फूट लागतात. १,६६० भागिले ३६, म्हणजे ४६ माणसं. एरवी ज्या मैदानात ३०० खुर्च्या लागतात तिथे ४६.

हा आकडा पाहून कार्यकर्ते नाराज होतात, ते साहजिक आहे. पण तोच प्रामाणिकपणे अर्जात लिहा. १५० लिहिलंत तर जागा पाहायला आलेला अधिकारी टेप लावतो आणि फाइल तिथेच थांबते. ४६ लिहून 'प्रत्येकी ४५ मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये अर्धा तास जागा रिकामी' असं जोडलंत तर तीच जागा १३८ माणसांना पुरते. नकाशात प्रत्येक खुर्चीची खूण करा, प्रवेश आणि निर्गम वेगळे दाखवा, रस्त्याची पूर्ण रुंदी आणि मांडव टाकल्यावर उरणारी रुंदी फुटांत लिहा. पेठेतल्या बोळात अग्निशमनचा बंब आणि रुग्णवाहिका शिरतील का, हे सगळ्यात आधी पाहिलं जातं.

कोणत्या दारात आधी जायचं

शहरात महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत : गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. आपला भाग कोणत्यात येतो ते आधी विचारा. पोलीस ठाण्याची हद्द आणि विभागीय कार्यालयाची हद्द एकच असेल असं नाही. रस्त्याच्या एका बाजूला जुना राजवाडा ठाण्याची आणि दुसऱ्या बाजूला लक्ष्मीपुरी ठाण्याची हद्द असेल तर मांडव ज्या बाजूला उभा राहणार ते ठाणं धरायचं.

सुरुवात जागामालकापासून करा. जागा महापालिकेची असेल तर विभागीय कार्यालय, शाळेची असेल तर संस्था, खासगी असेल तर मालक. ही संमती हातात आली की स्थानिक पोलीस ठाणं, रस्ता अडत असेल तर वाहतूक शाखा, मग अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, आणि महावितरणकडे तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज. महावितरण परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागतं. शेजारच्या घरातून वायर ओढू नका. सगळे दाखले जोडून महापालिकेकडे अंतिम परवानगी मागायची. एक खिडकी कक्ष सुरू असेल तर ही फिराफिर वाचते, पण कागद तेवढेच लागतात. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाची पोच घ्या. तोंडी 'देऊन ठेवलंय' याला पुढच्या टेबलावर किंमत नसते.

वेळेचं गणित कठीण असतं. २०२० चं नवरात्र परिपत्रक २९ सप्टेंबरचं आणि घटस्थापना १७ ऑक्टोबरला, म्हणजे हातात १८ दिवस. परिपत्रकाची वाट पाहत बसलात तर उशीर होतो. ठराव, संमती, नकाशा, यादी आधी तयार ठेवा. आदेश आला की फक्त त्याचा क्रमांक घालून अर्ज द्या.

कार्यक्रमागणिक अडचणी

दिवाळी पहाट उघड्यावर असेल तर सुरुवात सहाच्या आधी ठेवू नका. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद असतो, साथ असो वा नसो. साडेपाचची वेळ लिहिलेला अर्ज पोलीस ठाण्यातूनच परत येतो. कोजागरीला मध्यरात्रीपर्यंत सवलत हवी असेल तर तो दिवस वर्षातल्या सवलतीच्या दिवसांत जाहीर झालाय का ते पाहा. असे दिवस जास्तीत जास्त १५ असतात. दूध पातेल्यातून पेल्यात ओतून वाटू नका, झाकणाचे कप भरून ठेवा आणि माणसाने स्वतः उचलून न्यावेत.

शाहू स्मारकसारखं सभागृह घेत असाल तर क्षमतेचा दाखला व्यवस्थापनाकडून लेखी घ्या, कारण ५० टक्के कशाचे, हा प्रश्न येतोच. नाटक असेल तर संहिता तपासणाऱ्या रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं.

२०२० च्या दिवाळीत दिवाळी पहाट ऑनलाइन करायला शासनाने सांगितलं होतं. त्यात माणसांची परवानगी सुटते, पण चित्रीकरणाच्या जागी गर्दी झाली तर जबाबदारी आयोजकांचीच. सिनेगीतं असतील तर थेट प्रक्षेपणात आवाज मध्येच बंद होऊ शकतो. गाण्यांच्या हक्कांचा (कॉपीराइटचा) प्रश्न आधी सोडवा.

आरोग्य शिबिर आणि रक्तदान यांना २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांत शासनाने प्राधान्य दिलं, आणि ते योग्यच होतं. शिबिरासाठी परवानाधारक रक्तपेढीचं पत्र जोडा. मे २०२१ पासून लस घेतल्यावर १४ दिवस रक्तदान करता येत नसे, हे बॅनरवरच लिहिलं की रांगेतली माणसं परत जात नाहीत.

विसर्जनाची जागा आणि वेळ अर्जातच द्या. इराणी खण (पाणी साठलेली जुनी दगडखाण) किंवा महापालिकेने ठरवलेला कुंड, चार-पाच कार्यकर्ते, आरती मांडवातच. लहान मुलं आणि वयस्कर माणसं घरीच.

परवानगी मिळाल्यावर

परवान्याची प्रत मांडवाच्या दर्शनी भागात लावा. सॅनिटायझर समई आणि कापूर-आरतीपासून लांब ठेवा. ७० टक्के अल्कोहोल पटकन पेटतं, आणि हाताला लावल्यावर तो कोरडा होईपर्यंत निरांजनाजवळ जायचं नाही. खुर्च्या, कठडे पुसायला ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एकास चार पाणी घालून १ टक्का करा. त्यात ॲसिड किंवा दुसरं क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. माणसांवर औषध फवारणारे बोगदे उभारू नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच त्याविरुद्ध सांगितलं होतं.

अट मोडली तर भारतीय दंड विधानाचं कलम १८८ लागत असे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आहे. नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात मास्क नसलेल्या व्यक्तीला ५०० रुपये आणि त्या आवाराच्या संस्थेला १०,००० रुपये दंड होता. संस्थेनेच नियम मोडले तर ५०,०००. मंडळाची अख्खी वर्गणी अशी जाऊ शकते, म्हणून दारावर दोन नेमके कार्यकर्ते फक्त मोजायला ठेवा.

येणाऱ्यांचं नाव, फोन आणि फेरीची वेळ वहीत नोंदवा. कोणी पॉझिटिव्ह निघालं तर संपर्कात आलेली माणसं याच वहीतून शोधता येतात. कार्यक्रमानंतर १४ दिवस ती खजिनदाराच्या ताब्यात बंद ठेवा, मग फाडून नष्ट करा, कारण त्यात लोकांचे नंबर आहेत. जागेसाठी अनामत भरली असेल तर ती परत घ्यायला जागा साफ केल्याचे फोटो लागतात, आणि ४१ क खाली गोळा केलेल्या वर्गणीचा हिशेब पावत्यांच्या स्थळप्रतींसह धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो दिला नाही तर पुढच्या वर्षीची परवानगी तिथेच अडते.