तुरटपणा ही चव की स्पर्श?

बाभळीच्या काडीने दात घासलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला टॅनिन हे तुरट द्रव्य म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. काडी चावताच तोंड आखडते आणि गाल आतून खरखरीत लागतात. शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षांच्या भरदार लाल वाइनचा घोट घेतल्यावर नेमके हेच जाणवते.

आपल्याकडे षड्रसांत तुरट हा एक रस धरला जातो. शरीरक्रियाशास्त्र मात्र तुरटपणाकडे मुख्यतः स्पर्शाची संवेदना म्हणून पाहते. द्राक्षांच्या साली आणि बियांतून उतरलेली टॅनिन लाळेतील प्रथिनांना, विशेषतः प्रोलिन हे अमिनो आम्ल भरपूर असलेल्या प्रथिनांना चिकटतात, ती प्रथिने साकळतात आणि लाळेचे वंगण कमी झाल्यामुळे जीभ टाळूवर घासू लागते. कोऱ्या चहाचा तुरटपणा दुधाने जातो तो याच न्यायाने, कारण तेथे टॅनिन लाळेऐवजी दुधातल्या केसीन या प्रथिनाला धरतात. पारख करताना म्हणूनच घोट काही क्षण तोंडात घोळवावा आणि ही खरखर मलमलीसारखी बारीक आहे की गोणपाटासारखी जाड, हे पाहावे. प्रत्येक घोटागणिक तुरटपणा साठत जातो, त्यामुळे दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि साधा पाव घेणे आवश्यक असते.

भरदारपणा म्हणजे घोटाचे तोंडात जाणवणारे वजन. त्यात टॅनिनइतकाच वाटा अल्कोहोलचा असतो आणि अशा वाइनमध्ये ते बहुधा १३.५ ते १५ टक्के असते. मात्र वजन म्हणजे दर्जा नव्हे. आंबटपणाचा तोल नसलेली जड वाइन मला तरी दुसऱ्या घोटालाच कंटाळवाणी वाटते.

‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांमधून आला आहे. परभणीत मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि तशा खोलीत ठेवलेल्या बाटलीतून फळाच्या गंधाआधी अल्कोहोलची वाफच नाकात झोंबते. १६ ते १८ अंश योग्य. त्यासाठी बाटली आधी फ्रीजमध्ये ठेवावी, पण फार गार करू नये, कारण मग गंध दबतो आणि तुरटपणा बोचरा होतो.

गंधाच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नये. फ्रान्समधल्या बोर्दो येथील ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग मिसळून दिली असता त्यांनी तिच्या गंधाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. नाकेही सारखी नसतात. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन या रेणूमुळे येतो आणि हाच रेणू काळ्या मिरीतही असतो, परंतु साधारण पाचातल्या एकाला तो जवळपास जाणवतच नाही.

चाखणी जेवणाआधी उरकावी, हे आपल्याकडे विशेष लागू पडते. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या उष्णता-ग्राहकांना चेतवते, त्यांनाच अल्कोहोल अधिक संवेदनशील करते. तेव्हा काळ्या मसाल्याच्या मटणाच्या रश्श्यावर १५ टक्क्यांच्या वाइनचा घोट घेतला, तर जळजळच वाढते आणि वाइनचे बाकी गुण त्याखाली झाकले जातात.