डोळ्यातून निघालेला किरण

पडद्यावर संथ फिरणारा ग्रह दिसला की ‘हल्ली हे सगळं एआय करतं’ असं कुणीतरी म्हणतंच. त्याला एआय कशाला हवं? दहावीचं गणित आणि वर्णनावरून चित्र काढणारं, पोव्ह-रेसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. मध्ये गोल, बाजूला दिवा, समोर कॅमेरा एवढं वर्णन पाच-सात ओळींत लिहून द्यायचं. पुढचं काम किरणांचं.

हे किरण मात्र उलटे निघतात. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसतं, असं ग्रीक गणिती युक्लिड मानायचा. अकराव्या शतकात अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमने ते खोडून काढलं. (‘नजर लागते’ म्हणणाऱ्यांपर्यंत ही बातमी हजार वर्षांत पोचलेली नाही.) रे-ट्रेसिंगमध्ये, म्हणजे किरणांचा माग काढत चित्र बनवण्याच्या या पद्धतीत, युक्लिडची चूक आपण जाणूनबुजून करतो. दिव्यापासून निघालेले जवळपास सगळे किरण भलतीकडेच जातात; सूर्याच्या प्रकाशातला जेमतेम दोनशे कोटींतला एक भाग पृथ्वीच्या वाट्याला येतो. वाया जाणारे किरण मोजत कोण बसणार? त्यापेक्षा चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलमधून एकेक किरण बाहेर सोडायचा. ६४० बाय ४८० चं चित्र म्हणजे ३,०७,२०० किरण.

किरण गोलाला लागला का, हे कसं ठरतं? किरणावरच्या एखाद्या बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर त्रिज्येइतकं भरलं, तर तो बिंदू गोलावर आहे. ही अट मांडली की समोर येतं चक्क वर्गसमीकरण. त्याचा विवेचक ऋण असेल तर किरण बाजूने निघून गेला, शून्य असेल तर कडेला निसटता स्पर्श करून गेला. धन असेल तर उत्तरं दोन: किरण गोलात शिरला ती जागा आणि पलीकडून बाहेर पडला ती. त्यातलं जवळचं घ्यायचं, कारण ग्रहाची पाठ आपल्याला दिसत नाही. शाळेत ही दोन मुळं काढताना त्यांचा असा उपयोग कुणी सांगितला असता तर!

आता त्या बिंदूवरचा लंब आणि दिव्याची दिशा यांच्यातल्या कोनाचं कोसाइन म्हणजे तिथला उजेड. कोन ०° असेल तर पूर्ण, ६०° ला निम्मा, ९०° ला शून्य. दिवस-रात्रीची सीमारेषा त्यातून आपोआप उमटते.

गोलावर नकाशा गुंडाळायचा, रुंदी उंचीच्या दुप्पट असलेला. पोव्ह-रेमधला ‘क्लॉक’ हा चल पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत ० ते १ सरकतो. त्याला ३६० ने गुणलं की एक फेरी. माझा पहिला ग्रह दर फेरीला उचकी द्यायचा, कारण ३६ चित्रांतलं पहिलं आणि शेवटचं एकच होतं. दुसरा भोवऱ्यासारखा डुलायचा: मी अक्ष पृथ्वीसारखा २३.४° आधी कलवला आणि गोल नंतर फिरवला. क्रम उलटा हवा, आधी फिरवा, मग कलवा.

आणि फिरवण्याच्या कोनाला उणे चिन्ह द्या. पोव्ह-रेचे अक्ष डाव्या हाताच्या नियमाने चालतात (अंगठा अक्षाच्या दिशेने धरला की बोटं वळतात ती धन दिशा), त्यामुळे धन कोनाने पृथ्वी पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरायला लागते. उलटा फिरणारा शुक्र करत असाल, तर राहू द्या तसंच.