वारसास्थळांचे सरकारी जतन: दोन शतकांच्या कायद्यांची पार्श्वभूमी

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठा लष्करी भूप्रदेशाला यादीत स्थान दिले आणि साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा किल्ले तमिळनाडूतील जिंजीसह एका नामांकनाखाली आले. त्या दिवसांच्या जल्लोषात एका तपशिलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. या बारांपैकी आठ किल्ले केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. ज्या राजगडावरून स्वराज्याचा कारभार दोन दशकांहून अधिक काळ चालला तो राज्याच्या यादीत आणि लोहगड मात्र ‘राष्ट्रीय महत्त्वा’चा, ही विभागणी इतिहासाच्या कसोटीवर कोणी केलेली नाही. ती जुन्या याद्यांतून, अधिसूचनांतून आणि राज्यघटनेतील विषयवाटपातून उतरत आली आहे. म्हणूनच आजच्या जतनाच्या प्रश्नांची मुळे शोधायची तर या याद्या कशा तयार झाल्या, तेथपर्यंत मागे जावे लागते.

सरकार नावाची यंत्रणा या कथेत प्रथम येते ती रक्षक म्हणून नव्हे. १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाल्यावर किल्ल्यांचा पुन्हा बंडासाठी उपयोग होऊ नये, म्हणून कंपनीच्या फौजांनी सह्याद्रीतील अनेक गडांच्या पायऱ्या, दरवाजे आणि तट सुरुंग लावून उडवले. आज ज्या चढाला गिर्यारोहक दोर लावतात, तेथे कित्येक ठिकाणी एके काळी कातळात खोदलेल्या धडधाकट पायऱ्या होत्या. याच काळात बंगालमध्ये १८१० चा आणि मद्रासमध्ये १८१७ चा असे दोन विनियम अस्तित्वात होते व त्यांनुसार सार्वजनिक इमारतींची नासधूस किंवा गैरवापर होत असेल तर सरकारला हस्तक्षेप करता येत असे. पण त्यांचा मुख्य रोख देवस्थाने, मशिदी, सराया आणि पूल यांना लावून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नावर होता, वास्तूंच्या प्राचीनतेवर नव्हे.

प्राचीनतेचा उल्लेख कायद्यात आला तोही आडवाटेने. १८५७ नंतर धर्माच्या व्यवहारातून अंग काढून घ्यायचे सरकारचे धोरण ठरले आणि १८६३ च्या विसाव्या कायद्याने देवळे व मशिदी यांचे व्यवस्थापन स्थानिक समित्यांकडे सोपवण्यात आले. त्याच कायद्याच्या शेवटी एक राखीव कलम आहे, ज्यान्वये प्राचीनतेसाठी अथवा ऐतिहासिक किंवा स्थापत्यविषयक मोलासाठी उल्लेखनीय असलेल्या इमारतींना इजा होऊ नये म्हणून पावले उचलण्याचा सरकारचा अधिकार अबाधित राहिला. म्हणजे एका हाताने देऊळ सोडायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या भिंतींवरचा हक्क ठेवायचा. वापर लोकांचा आणि वास्तू सरकारची, या आजही अनेक तंट्यांच्या मुळाशी असलेल्या विभागणीचे बीज मला याच कलमात दिसते.

कायदा असा चाचपडत असताना नुकसान मात्र जोरात चालू होते. लाहोर ते मुलतान लोहमार्गाच्या खडीसाठी हडप्प्याच्या विटा वापरल्या गेल्या. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट उचलले जाऊन त्यांतले बरेच लंडनला पोहोचले. महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत बोधक उदाहरण अजिंठ्याचे आहे. १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या एका शिकारी तुकडीला ही लेणी दिसली. स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनामुळे त्यांचे महत्त्व युरोपात पोहोचले आणि १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या चित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती केल्या, आणि त्यांचाही मोठा भाग लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेला. मूळ चित्रे निजामाच्या मुलखात होती. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये स्वतःचे पुरातत्त्व खाते काढले, गुलाम याझदानी यांच्याकडे ते सोपवले आणि १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी व ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्यास बोलावले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीला पक्का बसवला, हे त्यांचे मोठे काम. परंतु चित्रांवर चढवलेला लाखेचा थर काळाच्या ओघात पिवळा-तपकिरी पडला आणि तो काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांच्या पुढच्या पिढ्या गुंतल्या. संस्थानाने खर्चात कसूर केली नव्हती आणि बोलावलेली माणसेही त्या काळातली जाणकार होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘कमीत कमी हस्तक्षेप’ हे तत्त्व जतनशास्त्रात एवढे महत्त्वाचे का मानले जाते, ते कळते.

संस्थात्मक पाया एकोणिसाव्या शतकातच घातला गेला. १८६१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांची पुरातत्त्व सर्वेक्षक म्हणून नियुक्ती झाली, पाच वर्षांत खर्च वाचवण्यासाठी ते पदच बंद झाले आणि १८७१ मध्ये सर्वेक्षणाची पुनःस्थापना होऊन कनिंगहॅम महासंचालक झाले. पश्चिम भारताची पाहणी जेम्स बर्जेस यांच्याकडे आली. तथापि हे सारे काम प्रामुख्याने नोंदीचे, मोजमापाचे आणि रेखाटनांचे होते. पडणारी भिंत सावरणे ही प्रांतिक सरकारांची, म्हणजे व्यवहारात सार्वजनिक बांधकाम खात्याची जबाबदारी मानली जाई. ती कितपत पार पाडली जात होती याचे उत्तर रायगडावर मिळाले असते. शिवाजी महाराजांच्या समाधीची दुरवस्था पाहून १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी जीर्णोद्धारासाठी लोकवर्गणीची चळवळ उभारली आणि पुढल्या वर्षी गडावर उत्सव झाला. जतनाची मागणी सरकारकडून खाली न येता जनतेकडून वर जाण्याचा हा महाराष्ट्रातला ठळक प्रसंग, आणि त्यामागे पुरातत्त्वाची नव्हे तर राजकीय अस्मितेची प्रेरणा होती हे लपवण्याचे कारण नाही. १९१० मध्ये पुण्यात वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने दप्तरे, सनदा आणि बखरी गोळा करण्याचे जे काम केले, तेही लोकाश्रयावर उभे होते.

१८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून आलेल्या लॉर्ड कर्झन यांच्यामुळे सरकारी धोरण बदलले. १९०५ च्या बंगालच्या फाळणीमुळे बंगालने ज्यांना कधी क्षमा केली नाही, त्या कर्झन यांनी १९०२ मध्ये जॉन मार्शल यांना महासंचालक नेमले आणि १९०४ चा प्राचीन स्मारक जतन कायदा संमत करून घेतला. वास्तू, थडगी, लेणी, शिल्पे, शिलालेख यांना ‘संरक्षित’ घोषित करणे, मालकाशी करार करणे, गरज पडल्यास जागा संपादित करणे आणि पुराणवस्तूंच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणे, असे अधिकार त्यातून मिळाले. नियमितपणे धर्माचरणासाठी वापरात असलेल्या वास्तूंना मात्र सक्तीच्या संपादनातून वगळले होते. मार्शल यांनी १९२३ मध्ये सिद्ध केलेल्या जतन-नियमावलीचा भर जुने तसेच सांभाळण्यावर आणि नवे बांधून जुन्याचा आव न आणण्यावर होता. त्या नियमावलीची छाया खात्याच्या कामावर अजून आहे. प्राचीन अवशेषाला हे तत्त्व शोभते. वर्षानुवर्षे रंग, शेंदूर, नवा कळस चढत आलेल्या गावच्या देवळाला लावायला गेले की खटका उडतो.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या अनुच्छेद ४९ ने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरवले. सातव्या अनुसूचीत विषयाचे तीन तुकडे झाले: संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली स्मारके व स्थळे संघसूचीत, इतर स्मारके राज्यसूचीत आणि इतर पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती, म्हणजे केंद्र व राज्य दोघांच्या, सूचीत. १९५१ च्या कायद्याने जुन्या याद्यांमधील स्मारके घाऊकपणे राष्ट्रीय महत्त्वाची ठरली आणि १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायद्याने तीच रचना पुढे चालवली. किमान शंभर वर्षांचे अस्तित्व ही अट त्यात आहे, पण राष्ट्रीय महत्त्व म्हणजे नेमके काय, याची व्याख्या नाही. त्यामुळे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कबरींपासून जुन्या रस्त्यांवर अंतर दाखवणाऱ्या कोस मिनारांपर्यंत बरेच काही यादीत राहिले आणि स्थानिक दृष्टीने मोलाचे बरेच काही बाहेर. महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा समांतर कायदा केला आणि उरलेल्यांपैकी निवडक स्मारके राज्य संरक्षित झाली. सुरुवातीला उल्लेखिलेली आठ आणि चार अशी वाटणी येथून आली.

यादीत नाव असणे म्हणजे स्मारक सुरक्षित असणे नव्हे, हे २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवून दिले. प्रत्यक्ष पाहणी केलेल्या १,६५५ केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडलीच नाहीत. मार्च २०२४ मध्ये अशा १८ स्मारकांना यादीतून वगळण्याची प्रक्रिया सुरू झाली. साडेतीन हजारांहून अधिक स्मारके आणि त्या मानाने तुटपुंजे पहारेकरी, यांतून वेगळे काही निष्पन्न होणे कठीणच होते.

स्मारकाच्या हद्दीबाहेरचा परिसर कायद्याच्या कक्षेत आला तो १९९२ च्या अधिसूचनेने, आणि २०१० च्या दुरुस्तीने ती तरतूद अधिक कडक झाली. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असा हा सरसकट पट्टा आहे. ओसाड माळावरच्या स्तूपाला आणि दाट वस्तीतल्या मकबऱ्याला एकच माप लावणारी ही तरतूद अंमलबजावणीला सोपी, पण तिच्या आत राहणाऱ्यांना जाचक ठरली. पन्हाळ्यावर नगरपरिषद आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आहेत. तेथे दुरुस्तीसाठीही परवानगीची वाट पाहावी लागते आणि जागतिक यादीच्या चर्चेत तेथील रहिवाशांनी आपल्या निर्बंधांची काळजी उघडपणे मांडली. केवळ ‘लोकांना वारशाची कदर नाही’ असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे अन्यायाचे आहे.

शहरांच्या बाबतीत मुंबईने निराळी वाट काढली. १९९५ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ व्या विनियमाद्वारे वारसा वास्तू व परिसरांची श्रेणीनिहाय यादी लागू झाली आणि वारसा जतन समिती नेमली गेली. देशातील हा पहिला प्रयोग. शंभर वर्षांची अट येथे नाही, इमारत वापरात राहू शकते आणि मालकाला गमावलेल्या बांधकामहक्काचा मोबदला हस्तांतरणीय, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या, विकास हक्काच्या रूपाने मिळू शकतो. नागरिकांच्या दबावाशिवाय हा विनियम आला नसता. दुसरीकडे, निधीची चणचण भागवण्यासाठी राज्याने २००७ मध्ये ‘महाराष्ट्र वैभव’ संगोपन योजना आणली आणि केंद्राने २०१७ मध्ये ‘अपनी धरोहर’ ही दत्तक योजना. लाल किल्ल्याच्या सोयीसुविधांसाठी २०१८ मध्ये एका उद्योगसमूहाशी करार झाला तेव्हा मोठा गदारोळ उडाला. अशा योजनांचा भर स्वच्छतागृहे, दिवे, माहितीफलक अशा सोयींवर असतो; मूळ बांधकामाच्या शास्त्रीय दुरुस्तीचा भार कोणी उचलायचा हा प्रश्न त्याने सुटत नाही.

लोककला, विधी, कारागिरी या अंगाला सरकारी व्यवस्थेत पूर्णपणे वेगळे दार मिळाले. १९५० च्या दशकात संगीत नाटक, साहित्य आणि ललित कला अकादमी स्थापन झाल्या. त्या पुरस्कार आणि अनुदाने देऊ शकतात, संरक्षणाचे बंधन घालू शकत नाहीत. जपानने १९५० च्या एकाच कायद्यात इमारती आणि कलाकौशल्ये दोन्ही आणली होती. भारतात ती दोन खाती राहिली. युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त वारसा कराराला भारताने २००५ मध्ये मान्यता दिली, तरी अमूर्त वारशासाठी १९५८ च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा नाही. पैठणीला किंवा वारली चित्रांना मिळालेले भौगोलिक मानांकन हा व्यापाराचा हक्क आहे. कार्ल्याला ही फारकत स्पष्ट दिसते: चैत्यगृह पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक, आणि त्याच्या दाराशी एकवीरा आई, जिच्या दर्शनाला कोळी समाज आणि इतर भाविक लोटतात. अधिसूचनेला एक दिसते, यात्रेकरूला दुसरे.

कोकणातील कातळशिल्पांनी या व्यवस्थेपुढे अगदी नवा पेच उभा केला आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, कोरलेल्या या आकृत्या प्रामुख्याने स्थानिक अभ्यासकांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारून उजेडात आणल्या. कशेळी, बारसू, उक्षी, जांभरूण, देवीहसोळ आदी स्थळांचा गोव्यातील उसगाळीमळसह २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. येथे भिंत नाही, छप्पर नाही, हद्द कोठे आखायची हेही उघड नाही आणि अनेक सडे खासगी मालकीचे आहेत. बारसूला तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव आल्यावर या आकृत्या २०२३ मध्ये थेट राजकीय वादात ओढल्या गेल्या. संरक्षण द्यायचे ते प्रत्येक आकृतीभोवती कुंपण घालून, की अख्ख्या सड्याला, आणि तसे केल्यास त्यावर गुरे चारणाऱ्या व आंबा-काजू लावणाऱ्या मालकाचे काय, हे १९५८ किंवा १९६० च्या कायद्याच्या मसुदाकारांपुढे नव्हतेच. आता ते संचालनालयाच्या टेबलावर आहे.