अर्धी गोळी मेंदूत काय करते?

इंदूरच्या आमच्या रामबागेत विरजणासारखी हल्ली अल्प्राझोलमची गोळीही या घरातून त्या घरात जाते. "काकू, झोप नाही ना येत? अर्धी घेऊन बघा, काही होत नाही." हे 'काही होत नाही' मला फार खटकतं. कारण जे होतं, ते विलक्षण नेमकं आहे.

मेंदूतल्या पेशींना आवर घालणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. पेशीच्या आवरणात पाच प्रथिनं गोलाकार उभी असतात आणि मधोमध अरुंद वाट असते. गाबाचे दोन रेणू आपापल्या खाचांत बसले की वाट उघडते, ऋणभारित क्लोराइड आत शिरतो आणि पेशी सहजी उत्तेजित होत नाही. अल्प्राझोलम आणि त्याच्याच जातीची डायझेपाम, क्लोनाझेपाम ही औषधं गाबाच्या खाचांत बसतच नाहीत. त्यांची जागा निराळी, अल्फा आणि गॅमा या प्रथिनांच्या सांध्यात. तिथून ती गाबाचा परिणाम वाढवतात आणि वाट वारंवार उघडू लागते. गाबा नसेल तर मात्र ती एकटी काही करू शकत नाहीत. बार्बिट्युरेट्स ही झोपेची जुनी औषधं मोठ्या डोसात गाबाशिवायही वाट उघडत, म्हणून डोस चुकला की श्वास थांबे. रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाक यांच्या संशोधनातून अल्प्राझोलमच्याच जातीचं लिब्रियम १९६० मध्ये आणि व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम, १९६३ मध्ये बाजारात आलं. बार्बिट्युरेट्सपेक्षा ती सुरक्षित ठरली, ती याच फरकामुळे.

दारू किंवा अफूजन्य वेदनाशामक सोबत घेतलं, की ही सुरक्षितता संपते. म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडतं.

शिवाय रोज घेत राहिलं की काही आठवड्यांत मेंदू या जादा आवराला सरावतो. मग एके दिवशी पाकीट संपतं. अल्प्राझोलम साधारण अकरा-बारा तासांत निम्मं उरतं, त्यामुळे उसळी लवकर येते: थरथर, घाम, भ्रम, कधी फिटसुद्धा. अशा माणसाला 'बाहेरचं लागलंय' म्हणत झाडफूंक करणाऱ्याकडे नेणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. वेळ दवाखान्यात जाण्याची असते.

भारतात २०१४ पासून अल्प्राझोलम आणि डायझेपाम एच-१ यादीत, म्हणजे चिठ्ठी पाहून आणि नोंद करूनच विकायच्या औषधांत, आहेत. दवाबाजारातल्या दुकानदाराने चिठ्ठी मागून वहीत नोंद केली तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो कायदाच पाळतोय. आणि गोळी बरेच दिवस चालू असेल तर मनाने बंद करू नका. डॉक्टर डोस आठवड्या-आठवड्याने उतरवतात. कधी अल्प्राझोलमच्या जागी डायझेपाम देतात, कारण ते शरीरात कितीतरी दिवस रेंगाळतं आणि उतार सौम्य होतो.