शिंपल्यांचा चुना

तिसऱ्या, खुबे, कालवे या जलचरांचे शिंपले भाजून केलेला चुना. गोव्यातला घरबांधणीचा दगड म्हणजे जांभा, चुनखडी दुर्मिळ. त्यामुळे भिंतींचा चुना खाडीने आणि समुद्राने पुरवला.

शिंपला बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. भट्टीत तो 'जाळतात' असे आपण म्हणतो, पण तो जळत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो तो लाकडाचा किंवा कोळशाचा. शिंपल्याचे त्या धगीने विघटन होते. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, मागे उरतो. शुद्ध कार्बोनेट १०० ग्रॅम घेतले तर चुना ५६ ग्रॅम मिळतो, ४४ ग्रॅम वायू होऊन जातो. ऑक्साइड म्हटले की तो ऑक्सिजनमध्ये जळूनच झाला असणार, ही विद्यार्थ्यांची समजूत येथे मोडते, कारण या चुन्यातला ऑक्सिजन मुळात शिंपल्यातच होता. वर्गात हे उदाहरण अवश्य द्यावे.

कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो तापतो, वाफा सोडतो आणि फुलून भुगा होतो. हा विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पाण्यात तो थोडाच विरघळतो, तरी त्याची निवळी चांगलीच अल्कधर्मी असते: लाल लिटमस निळा होतो, पिवळी हळद लाल होते. हळदीचे कुंकू याच गुणावर होते. डोळ्यांत किंवा त्वचेवर चुना उडू देऊ नये; तो भाजतो.

शिंपल्याची आम्लाशी गाठ घालून पाहायची तर माडाच्या सुरेचे, म्हणजे माडापासून काढलेल्या रसाचे, व्हिनेगर पुरते. सूर आंबून मद्यार्क होतो, मग जिवाणू हवेतला ऑक्सिजन वापरून त्याचे ॲसेटिक आम्ल करतात. या व्हिनेगरात शिंपला टाकला की बुडबुडे येतात. भट्टीत निघतो तोच वायू येथे आम्लामुळे निघतो.

भिंतीवरचा चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. रसायनाच्या भाषेत भिंतीवर शिंपलाच परत येतो, आणि जांभ्याला त्याची गरज असते. लोहाच्या ऑक्साइडांनी लाल झालेला हा दगड सच्छिद्र असून गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जुन्या गोव्यातील १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जेझस बॅसिलिका या चर्चचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला. उघडा लाल दगड पाहुण्यांना देखणा वाटतो, पण तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी थेट जांभ्यावर येते आणि त्याची झीज होते. गिलावा पुन्हा द्यावा की नाही यावर वाद आहे. दगडाच्या बाजूने पाहिले तर तो द्यायला हवा.