मॅक्रो आला कुठून: लोटसपासून ऑटोहॉटकीपर्यंत

आमच्या म्हापशाच्या ऑफिसात नवीन लागलेला एक पोरगा परवा माझ्या मागे उभा राहून बघत होता. मी एम, पी, सेमीकोलन एवढंच टाइप केलं आणि स्क्रीनवर 'म्हापसा, बार्देश, गोवा 403507' उमटलं, तर म्हणतो, सर, हे कुठलं नवीन एआय? म्हटलं बाबा, याला मॅक्रो म्हणतात, थोडं दाबायचं आणि बरंच आपोआप करून घ्यायचं, आणि हे तुझ्या जन्माआधीपासूनचं आहे. अकाउंट्सचं काम म्हणजे दिवसभर तेच ते, इथल्या गिऱ्हाइकांचे जीएसटी नंबर 30 नेच सुरू होणार कारण गोव्याचा कोडच 30, पिनकोड 403 ने, मग ते रोज बोटांनी बडवत कशाला बसायचं.

खरं तर ही आयडिया कॉम्प्युटरच्याही आधीची. आपल्याकडे लग्नाच्या शुभेच्छांची तार करायला गेलं की पूर्ण वाक्य लिहावं लागायचं नाही, छापील यादीतला नुसता आकडा द्यायचा आणि पलीकडे घरी अख्खं वाक्य पोचायचं. 2013 च्या जुलैत तार बंद झाली, पण एक आकडा म्हणजे एक वाक्य, हा मॅक्रोच की.

मॅक्रो हा शब्द मात्र प्रोग्रामरांचा. 50 च्या दशकात असेंब्ली भाषेत, म्हणजे थेट मशीनला एकेक बारीक हुकूम देणाऱ्या भाषेत, तेच तेच हुकूम पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी एक 'मोठा हुकूम' बनवला, तो एकदा लिहिला की खाली त्याचे दहा छोटे हुकूम होऊन पसरायचे, आणि 1960 मध्ये बेल लॅब्सच्या डग मॅकिलरॉय यांनी यावर पेपरही लिहिला. 1976 चा ईमॅक्स एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, त्याच्या नावातच 'एडिटर मॅक्रोज' दडलंय. पण ही सगळी लॅबमधली मंडळी, आपल्यासारख्या कारकुनाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

शॉर्टकटची गोष्ट जरा वेगळी. कट, कॉपी, पेस्ट झेरॉक्सच्या पार्क लॅबमध्ये 70 च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाच्या एडिटरमध्ये बसवलं. पुढे टेस्लर ॲपलला गेले आणि 1983 च्या लिसा कॉम्प्युटरवर झेड, एक्स, सी, व्ही ही खालच्या ओळीतली चार शेजारची बटणं आली. एक्स म्हणजे फुली मारून काढून टाकणं, व्ही म्हणजे मुद्रितशोधक जिथे शब्द घुसवायचा तिथे करतात तशी खूण. प्रेसमध्ये प्रुफं तपासलेल्या माणसाला हे सांगावंच लागणार नाही. त्याच्याआधी मजकूर टाइप करायचं वर्डस्टार होतं, आमच्या पिढीने क्लासात वर्डस्टार, लोटस, डीबेस असा कोर्स केला त्यातलं. तेव्हा बऱ्याच कीबोर्डांना बाणांची बटणं नसायची म्हणून कंट्रोल दाबून ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे असा चौकोन केलेला, आणि मजकुराचा तुकडा निवडायला सुरुवातीला कंट्रोल के बी, मग शेवटी कंट्रोल के के. माझ्या बोटांतून ते अजून पूर्ण गेलेलं नाही.

कंट्रोल ऑल्ट डिलीटचं तर गमतीशीर आहे. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडलींनी 1981 च्या पीसीसाठी ते बनवलं, आधी कंट्रोल ऑल्ट एस्केप ठेवलेलं पण ते एका डाव्या हातानेच चुकून दाबलं जायचं आणि मशीन रीस्टार्ट व्हायची, म्हणून मुद्दाम लांबचं बटण घेतलं. म्हणजे हा शॉर्टकट सोपा नको म्हणून केलेला.

आता मुद्द्यावर. हे सगळे शॉर्टकट कंपनीने दिलेले, आपण फक्त पाठ करायचे. स्वतःचं बटण स्वतः बनवायची सोय सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा नीट आली ती 1983 च्या लोटस 1-2-3 मध्ये, म्हणजे एक्सेलच्या आधीच्या हिशेबाच्या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, असं माझं मत. कारण त्यात मॅक्रो म्हणजे भाषाबिषा काही नव्हती, तुम्ही जी बटणं दाबता तीच एका सेलमध्ये लिहून ठेवायची. फाइल सेव्ह करायची तर स्लॅश, मग एफ म्हणजे फाइल, एस म्हणजे सेव्ह, मग ~ ही खूण म्हणजे एंटर, मग आर म्हणजे जुन्यावर रिप्लेस. तीन अक्षरं आणि दोन खुणा. त्या सेलला उलटा स्लॅश आणि एक अक्षर असं नाव दिलं की ऑल्ट आणि ते अक्षर दाबून सगळं धावायचं. ज्याला लोटस येतं त्याला मॅक्रो येतोच, वेगळं काही शिकायचं नाही. त्याच सुमारास डॉसवर प्रोकी आणि बोर्लंडचं सुपरकी असे प्रोग्राम निघाले, ते मेमरीत गुपचूप बसून राहायचे आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तुमची बटणं चालवायचे.

विंडोज 3.0 सोबत 1990 ला रेकॉर्डर नावाचा छोटा प्रोग्राम आला, माउससकट सगळं रेकॉर्ड करणारा, पण खिडकी जरा सरकली की क्लिक भलत्याच जागी. विंडोज 95 मध्ये तो काढूनच टाकला. आणि एक्सेलमध्ये 1993 ला व्हीबीए ही मायक्रोसॉफ्टची प्रोग्रामिंग भाषा आली, ताकद प्रचंड, रेकॉर्ड मॅक्रोचं बटणही होतं, पण रेकॉर्ड झालेलं उघडून बघितलं की समोर प्रोग्रामिंग. लोटसमध्ये जे आपल्याच बोटांचं लिहून ठेवलेलं होतं ते इथे परक्या भाषेत दिसायला लागलं, तिथे बऱ्याच कारकुनांनी हात टेकले. वर व्हायरस. 1995 मध्ये वर्डच्या मॅक्रोतून पसरणारा कॉन्सेप्ट, मार्च 1999 मध्ये मेलिसा, जी आउटलुकच्या ॲड्रेसबुकातल्या पहिल्या 50 जणांना स्वतःच मेल करायची. तेव्हापासून मॅक्रो म्हटलं की आयटीवाले डोळे वटारतात, आणि 2022 पासून तर मायक्रोसॉफ्टने नेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपणहूनच अडवायला सुरुवात केली, त्यात चूक काही नाही म्हणा.

मधली पोकळी भरली ती बाहेरच्या लोकांनी. विंडोजवर बटणं आपोआप दाबून देणारा ऑटोइट हा प्रोग्राम 1999 मध्ये आला, आणि 2003 मध्ये ख्रिस मॅलेट यांनी त्याच जातीचं ऑटोहॉटकी काढलं, फुकट. त्यात कंट्रोलला ^, ऑल्टला !, शिफ्टला +, विंडोज बटणाला # अशी खूण, पुढे अक्षर, पुढे काय करायचं ते. आणि दोन-दोन कोलनमध्ये संक्षेप लिहून पुढे पूर्ण मजकूर दिला की हॉटस्ट्रिंग तयार, माझं म्हापसा असंच होतं. मराठीही चालतं, फक्त जुन्या आवृत्तीत फाइल यूटीएफ-8 मध्ये बॉमसकट, म्हणजे सुरुवातीच्या ओळखखुणेसकट, सेव्ह करायला लागते, नाहीतर सगळे कावळे-चिमण्या.

मराठीचं निघालंच तर डीटीपीवाल्यांचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्यांचं, सांगायलाच हवं, कारण मॅक्रोने सगळ्यात जास्त उपकार त्यांच्यावर केलेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच कोड, त्याच्या आधीच्या बऱ्याच फॉन्टात टाइपरायटरसारखी पहिली वेलांटी आधी आणि अक्षर मागून, युनिकोडमध्ये आधी क मग वेलांटी. जुना मजकूर बदलताना नुसतं फाइंड-रिप्लेस केलं की 'किती'ची वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, म्हणून मॅक्रोला सांगायला लागतं की वेलांटी दिसली की पुढचं अक्षर ओलांडून पलीकडे ठेव, जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांड. रफाराचं बरोबर उलटं, तो मागून पुढे आणायचा. मी एका दिवाळी अंकाच्या जुन्या फाइलींवर हे केलंय, 'स्थिती'ने दोन रात्री खाल्ल्या.

तर त्या पोराला हे सगळं सांगितलं, त्याने मान डोलावली आणि संध्याकाळी स्वतःच हॉटस्ट्रिंग बनवलं. सेमीकोलन कशाला म्हणून गाळला, शिवाय शब्दाच्या मध्येही चालेल आणि स्पेसची वाट बघणार नाही असे दोन्ही पर्याय लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याने गिऱ्हाइकाला इंग्रजीत पत्र टाइप केलं, त्यात 'कंपनी' शब्द सहा ठिकाणी, आणि कंपनीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एम आणि पी शेजारीशेजारी. सहाही ठिकाणी सीओ, मग म्हापसा, बार्देश, गोवा 403507, मग एएनवाय. प्रिंट काढून सही घ्यायला माझ्याकडे आला तेव्हा कळलं.