नाशिकच्या घरच्या वाईनबागा : दोन छाटण्या, एक पीक

नाशिक, दिंडोरी, निफाड या पट्ट्यात वाईनसाठी द्राक्ष लावून तिथंच वाईन बनवणाऱ्या बागा आहेत, त्यातल्या बऱ्याच एकेका कुटुंबाने उभ्या केल्यात. सुला ही वायनरी 1999 ला राजीव सामंतांनी घरच्या जमिनीवर सुरू केली, गंगापूर धरणाजवळची यॉर्क गुरनानी कुटुंबाची होती, ती 2021 मध्ये सुलाने घेतली.

इथली खरी कमाल छाटणीत आहे. युरोपात कडाक्याच्या थंडीत वेल झोपतो आणि वर्षाला एकदाच मुख्य छाटणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही आणि त्याच्या मर्जीवर सोडला तर माल ऐन पावसात येणार, म्हणजे डाऊनीने, म्हणजे ओलाव्यात पसरणाऱ्या बुरशीच्या रोगाने, घड गेलेच समजा. म्हणून दोनदा कात्री. एप्रिलची खरड छाटणी निव्वळ काडी (घड धरणारी फांदी) तयार करायला, त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबाच्या गाठीत, पुढच्या दोनेक महिन्यांत घड तयार होतो, बाहेरून काहीच दिसत नसतं पण पुढचं पीक किती येणार ते बरंचसं तिथंच ठरतं. मग पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना फूट आणणाऱ्या औषधाची पेस्ट लावतात आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये हाती येतो. दिवसा ऊन, रात्री थंडी, त्यामुळे गोडी भरते पण आंबटपणा टिकून राहतो, वाईनला दोन्ही लागतात.

खायच्या द्राक्षाची सवय असलेल्या शेतकऱ्याला इथं सगळं उलटं वाटतं. थॉमसन या खायच्या जातीला मणी फुगवायला घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) द्रावणात बुडवतात, इथं मणी बारीकच हवा, कारण रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो आणि बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. एकरी माल मुद्दाम कमी ठेवतात. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरू लागला, की वेलाला पाणी हात राखून द्यायचं. जास्त टनाच्या मोहात वाईन पातळ होते, हे मला तरी अगदी पटतं.

खुडा कधी करायचा हे फक्त ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर, ठरत नाही. मीटर 22-23 दाखवत असला तरी मणी तोंडात टाकून बी चावून बघतात, हिरवट बी कडू लागते, तपकिरी झालेली कुरकुरीत फुटते. खुडा पहाटे, क्रेट ऊन चढायच्या आत वायनरीत. शेनिन ब्लाँ, सोविन्यों ब्लाँ अशा व्हाइटचा रस लगेच दाबून काढतात आणि साधारण 12 ते 16 अंशांत थंड टाकीत सावकाश आंबवतात, नाहीतर वास उडून जातो. शिराझ, कॅबरने अशा रेडची द्राक्षं सालीसकट आंबतात, साली वर येऊन टोपी धरतात, ती दिवसातून दोन-तीन वेळा दाबायची किंवा खालचा रस पंपाने वरून सोडायचा. मग काही रेड ओक बॅरलमध्ये जातात, व्हाइट बऱ्याचदा त्याच वर्षी बाटलीत.

घरच्या बागेत कात्री कधी चालवायची आणि टाकी कधी उघडायची हा निर्णय बहुतेक एकाच घरात होतो, त्यामुळे बागेत चुकलेलं टाकीत गेल्यावर कोणाच्या माथी मारता येत नाही. हे सगळं बघायचं तर फेब्रुवारीत जा, एप्रिलमध्ये छाटणीनंतर लगेच गेलात तर नुसत्या छाटलेल्या वेली दिसतील.